जिन्यातली अकरा पानं

पहिल्या खर्ड्यात मी तिचं नाव लिहिलं होतं. आता ते इथे कुठेही सापडणार नाही. ते कुणी काढलं, ते पुढे येईल. तोवर तिला ताई म्हणते, कारण फ्लॅटमध्ये आम्ही तिला ताईच म्हणायचो. ती आमच्यापेक्षा आठ-नऊ वर्षांनी मोठी होती आणि आम्हाला आमच्या नावांनी हाक मारायला तिचा साफ नकार होता.

जी जिथली, ते तिचं नाव, असा तिचा खाक्या. मी लासलगावची, म्हणून मी लासलगाव. नर्सिंग शिकायला आलेली मुलगी पेठकडच्या डोंगरातली, ती पेठ. तिसरी मुळात सांगलीची, पण रोज पहाटे उठून सातपूरच्या एका कारखान्यात ड्रॉइंग काढायला जायची आणि परत आल्यावरही कारखान्याचंच बोलायची, म्हणून ती सातपूर. रविवारी सकाळी ताई बाथरूमच्या दाराशी उभी राहायची आणि एसटी स्टँडवरच्या बाईसारखा नाकातून आवाज काढायची.

"लासलगाव गाडी फलाट क्रमांक एकवर गेली पस्तीस मिनिटं उभी आहे. पेठच्या प्रवाशांनी आपापल्या बादल्या सांभाळाव्यात. सातपूर आज रद्द."

"ताई, निघते ना! केस धुतेय!" मी आतून ओरडायची.

"चालक-वाहक केस धूत असल्यामुळे होणाऱ्या गैरसोयीबद्दल महामंडळ दिलगीर आहे."

गंगापूर रोडला एका तीन मजली इमारतीत वरचा फ्लॅट होता. दोन खोल्या, स्वयंपाकघर, एक गॅलरी. नव्वदच्या दशकातली गोष्ट. नाशिकमध्ये घंटागाड्या नुकत्याच सुरू झाल्या होत्या, आणि सकाळी घंटा वाजली की ज्या कुणाची पाळी असेल ती कचऱ्याची बादली घेऊन तीन जिने धावत उतरायची. ही घंटा मी मुद्दाम सांगून ठेवते आहे.

ताईचं घर नाशिक रोडला होतं. वडील नोटांच्या सरकारी प्रेसमधून रिटायर झालेले, भावाचा मोठा फ्लॅट, वहिनी. शहर तेच, बसने अर्धा-पाऊण तास. तरी ती आमच्याबरोबर भाड्याने राहायची. सातपूरने एकदा तोंडावरच विचारलं, "स्वतःचं घर असताना इथे कशाला मरायला आलीस?"

"तिथे माझ्या विनोदाला कुणी हसत नाही," ताई म्हणाली. आम्ही हसलो. ती हसली नाही. तेव्हा ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. माझ्या बऱ्याच गोष्टी तेव्हा लक्षात आल्या नाहीत, आणि आता आल्या तर त्यांचा कुणालाही उपयोग नाही.

मेन रोडच्या मागे एका छापखान्यात ती मुद्रितं तपासायची. लग्नपत्रिका, स्मरणिका, कॉलेजची वार्षिकं, दहावीची गाइडं. कानावर कायम लाल पेन्सिल. छापखान्यात एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची आणि दुसऱ्याने छापलेलं त्याच्याशी ताडून बघायचं, अशी पद्धत होती. त्यामुळे तिला विरामचिन्हांसकट वाचायची सवय लागली होती. दुधाच्या पिशवीवरचं, औषधाच्या बाटलीवरचं, भिंतीवरचं, सगळं ती तसंच वाचायची. रागावली की बोलायचीसुद्धा तसंच. "सातपूर स्वल्पविराम माझा टॉवेल तू घेतलास का प्रश्नचिन्ह." त्यावर भांडण करणं शक्यच नसायचं.

मालकांनी जिन्यात पाटी लावली होती, "पुरूषांस प्रवेश नाहि". तिने येता-जाता लाल पेन्सिलने तिच्यातल्या दोन्ही चुका दुरुस्त केल्या. मालक खालच्या मजल्यावर राहायचे. पाटी खराब केली म्हणून त्यांनी दोन दिवस आरडाओरडा केला, आणि मग गुपचूप नवी पाटी रंगवून आणली. दुरुस्त करून.

एवढी चुका काढणारी बाई, पण माझं बोलणं तिने कधी सुधारलं नाही. मी घरात 'हाय', 'नाय', 'लय' असंच बोलायची. बी.एड.च्या वर्गात तोंड उघडलं की मागच्या बाकावर खुसखुस व्हायची. मी तिच्या मागे लागले, "ताई, मला नीट बोलायला शिकव."

"नीटच बोलतेस."

"ताई, माझी थट्टा नको करू. मला नोकरी नाही मिळायची."

"हे बघ, छापलेलं दुरुस्त करायचं असतं. बोललेलं नाही."

पण मी रडले. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिली. तालुक्याच्या कॉलेजातून बी.ए. झाले तेव्हा आईने आळीत पेढे वाटले होते. हे सगळं मी तिला रडत रडत सांगितलं. मग तिने चार महिने मला रोज एक तास बसवलं. धडा घ्यायचा, ती विद्यार्थी व्हायची, मुद्दाम वात्रट प्रश्न विचारायची. मुलाखतीला जाताना तिने स्वतःची एकुलती चांगली साडी मला नेसवली आणि निऱ्या हाताने धरून ठेवल्या. मला पहिल्याच मुलाखतीत नोकरी लागली. मी आज जी काही आहे, ती त्या चार महिन्यांची आहे. हे मी शाळेत दर शिक्षकदिनी सांगते. पुढचं सांगत नाही.

ती एक विनोदी कादंबरी लिहीत होती. आमच्यावर. एक फ्लॅट, चार मुली, एक बाथरूम, एक शेगडी, आणि एकीचं दुसरीशी काही जुळत नाही. लिहायला बसायची ती स्वयंपाकघरात, भरलेल्या गॅस सिलिंडरवर, छापखान्यातून आणलेली मुद्रितं शिवून केलेल्या वहीत, त्यांच्या कोऱ्या बाजूंवर. टेबल होतं, खुर्ची होती. "टेबलाशी बसलं की मी लेखिका होते," म्हणायची, "आणि लेखिकांना विनोद होत नाहीत." सिलिंडर बदलायचा दिवस आला की तिचा परिच्छेद पूर्ण होईपर्यंत आम्ही तिघी उपाशी.

रविवारी जेवणं झाली की ती नवीन पानं वाचायची. त्याला एक नियम होता. ज्या मुलीबद्दल लिहिलंय तिच्यासमोर वाचल्याशिवाय ते कादंबरीत जाणार नाही. आणि ऐकून ती नुसतं "काट" म्हणाली, की ताई काटणार. कारण विचारणार नाही. ब्लेडने ती पानं वहीच्या शिवणीपासून कापायची आणि जिची असतील तिच्या हातात द्यायची. छापखान्यात छापल्या जाणाऱ्या एका साप्ताहिकासाठी तिने एकदा एका मुलीच्या नावाची बातमी तपासली होती, कुणाबरोबर तरी निघून गेल्याची. ताईने त्यातलं शुद्धलेखन सुधारलं. बातमी छापून आली, आणि आठ दिवसांनी त्या मुलीच्या तेराव्याचं पत्र त्याच छापखान्यात छापायला आलं. हे तिने एकदाच सांगितलं, भाजी निवडताना, मान वर न करता. नंतर कुणी विषय काढला नाही.

पहिले काही महिने कुणीही "काट" म्हणालं नाही. पेठ झोपेत इंग्रजीतून हाडांची नावं घ्यायची आणि मध्येच कुणाला तरी म्हैस आत बांध म्हणून ओरडायची, ते तिने लिहिलं. सातपूर भाजीची फोडणीसुद्धा पट्टीने मोजल्यासारखी करायची, ते लिहिलं. माझ्याबद्दल लिहिलं की लासलगाव कांदा चिरताना रडत नाही, बाकी कशानेही रडते. आम्ही पोट धरधरून हसलो. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्याबद्दल काहीतरी लिहीत होतं.

आणि मग दादा आले.

दादा म्हणजे माझे वडील. ते लासलगावच्या मार्केटात हमाल होते. कांद्याच्या गोण्या पाठीवर घेऊन रेल्वेच्या वाघिणीत भरायच्या. मी फ्लॅटमध्ये सांगितलं होतं, "वडील मार्केट कमिटीत आहेत." हे खोटं नव्हतं. ऐकणाऱ्याने टेबल-खुर्ची डोळ्यांसमोर आणली तर तो माझा दोष नाही, असं मी स्वतःला सांगायची.

एका रविवारी दुपारी ते न कळवता आले. दहा किलो कांदे, मेथीची जुडी, खांद्यावर उपरणं, आणि गोणी ओढायचा लोखंडी आकडा कमरेला तसाच खोचलेला. ताईने दार उघडलं.

"या ना दादा, आत या."

"नगं. पोरींचं घर हाय. खाली पाटी हाय म्हने."

"अहो, ती पाटी बापांसाठी नाही. मालकांना विचारलंय मी."

"नगं, नगं. आपलं पायरीवरच बरं हाय. वारं लय गार येतंय इथं."

आणि ते दाराबाहेरच्या वरच्या पायरीवर बसले, दाराकडे पाठ करून. आत बघायचं नाही म्हणून. ताईने काय करावं? ती उंबऱ्यावर बसली, तीही पाठ करून, त्यांच्या पाठीला पाठ लावल्यासारखी. पुढचे तीन तास दोघं तसेच, एकमेकांचं तोंड न बघता गप्पा मारत होते.

मी स्वयंपाकघरात होते. घासलेली भांडी पुन्हा घासत होते, नळ पूर्ण सोडून, म्हणजे ऐकू येऊ नये. चहा द्यायला तेवढी बाहेर गेले. दादा म्हणाले, "बरी हायेस ना?" तेव्हा माझ्या तोंडून "हो, बरी आहे" असं छापील आलं. त्यांनी बशीत चहा ओतला आणि पुन्हा जिन्याकडे तोंड केलं.

ताई कप ठेवायला आत आली होती, तेवढ्यात सातपूर बाहेरून आली. जिना चढताना तिला पायरीवर आकडा ठेवून बसलेला माणूस दिसला. तिला वाटलं, मालकांनी नवीन वॉचमन ठेवला.

"काका, पाणी सोडलंय का?"

"इचारून येतो," दादा म्हणाले. उठले, तीन जिने उतरले, मालकांना विचारलं, तीन जिने चढून आले. "चार वाजता सोडतो म्हने, ताई."

"थँक्यू हं," म्हणून सातपूर आत आली.

त्या तीन तासांत दादांनी ताईला कांद्याबद्दल सगळं सांगितलं. गोणी बघून कळत नाही, उचलून कळते. माणूस बघून कळत नाही, ऐकून कळतो. ताईने लगेच विचारलं, मग आतल्या मुलींचा आवाज ऐकून सांगा कोण कसली ते. पेठ म्हणजे गोल्टी, बारीक पण घट्ट, वर्षभर टिकंल. सातपूर म्हणजे जोड कांदा, एका सालीत दोन, म्हनून दोघींचं बोलती. "आणि मी?" ताईने विचारलं.

"तुमी डेंगळा, ताई."

फुलाचा दांडा सुटलेल्या कांद्याला आमच्याकडे डेंगळा म्हणतात.

"फूल लय देखनं येतं. पन मार्केटात त्याला कोन हात लावत नाय."

ताई इतकी हसली की ते नळाच्या आवाजातूनही मला ऐकू आलं. मग तिने विचारलं, "आणि तुमची?"

"आमची अजून चाळीत हाय. काढल्यावर कळंल." चाळ म्हणजे कांदा साठवायची. तिच्यात महिनोन्‌महिने ठेवलेला कांदा टिकला की सडला, ते उघडल्याशिवाय समजत नाही.

हे मला कसं कळलं, तर ताईने ते लिहिलं म्हणून. पुढच्या रविवारपर्यंत तिने अकरा पानं लिहिली. सिलिंडरवरून उठलीच नाही. छापखान्याला तिने दोन दिवस रजा टाकली होती, हेही मला उशिरा कळलं. रविवारी ती वाचायला बसली. दादांचा आवाज तिने असा काढला की पेठ दाराकडे वळून बघायला लागली. वॉचमनचा प्रसंग आला. सातपूर स्वतःच्याच मूर्खपणावर लोळून लोळून हसत होती, "अरे देवा, मी तुझ्या वडलांना पाणी विचारायला पाठवलं गं!" ताईच्याही डोळ्यांतून हसून पाणी येत होतं. माझे कान तापले होते. त्या अकरा पानांत माझ्या वडलांबद्दल एक शब्द वाकडा नव्हता. उलट इतकं प्रेमाने त्यांच्याकडे कुणी बघितलं नव्हतं, मी तर नाहीच. पण मला दिसत होती ती माझी नवी शाळा, स्टाफरूम, आणि कुणाच्या तरी हातातलं पुस्तक.

"काट," मी म्हणाले.

हसणं थांबायला थोडा वेळ लागला.

"वॉचमनचं काढते मी," ताई म्हणाली. "तेवढं दुखलं असेल तर."

"सगळं."

"नक्की?"

"तूच म्हणालीस ना, कारण विचारणार नाही."

ती उठली, ब्लेड आणलं. एकेक पान शिवणीपासून सावकाश कापलं, अकरा पानं जुळवली, कडा ठोकून सारख्या केल्या आणि माझ्या हातात दिली. मूळ प्रत ज्याची त्याला परत देतात तशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी घंटा वाजली. कचऱ्याची पाळी माझी होती. मी ती पानं फाडली, ओल्या बटाट्याच्या सालांत कालवली आणि तीन जिने धावत उतरले.

काही दिवसांनी पेठने मला गाठलं. तिच्या बोलण्यात माझ्याइतकी भीड नव्हती. "तुला माहीत आहे का, ताई कादंबरी दाखवायला ज्या प्रकाशकाकडे गेली होती, त्याने काय सांगितलं होतं तिला? म्हणाला होता, मुली नुसत्याच भांडतात, यात एखादा माणूस आणा, मग छापतो. तुझे वडीलच तो माणूस होते."

"मग मला आधी का नाही सांगितलं तिने?"

"सांगितलं असतं तर तू काट म्हणाली असतीस का?"

"नाही."

"म्हणून नाही सांगितलं."

पण एकदा एकीने काटलं की दुसरीलाही तो शब्द सापडतो. महिन्याभरात पेठने स्वतःच स्वतःची पानं काटायला सांगितली. तिच्या कॉलेजात कुणीतरी तिच्या बोलीवरून तिला चिडवलं होतं, आणि झोपेतलं ते बोलणं आता तिला नको होतं. मग सातपूरचं लग्न ठरलं. "सासरी कुणी वाचलं तर ताई? पट्टी आणि फोडणी आणि सगळं?" ताईने ब्लेड आणलं. तिने कुणालाही अडवलं नाही, कुणावर रागावली नाही. रविवारी जेवणं झाली की आम्ही आपापली ताटं उचलून आत जायला लागलो.

उरलेली वही घेऊन ती प्रकाशकाकडे गेली. परत आल्यावर तिने तो प्रसंग आम्हाला करून दाखवला, त्याच्या नाकावर ओढलेल्या चष्म्यासकट.

"बाई, तुम्ही म्हणालात चार मुलींची विनोदी कादंबरी. यात तर एक बाई रिकाम्या फ्लॅटमध्ये नळाशी भांडतेय!"

आम्ही हसलो. खरंच हसलो. तिने तो आवाज फार छान काढला होता. तिच्या कादंबरीतून आम्ही तिघी निघून गेलो होतो आणि जिला "काट" म्हणायचा हक्क नव्हता ती एकटी तिच्यात राहिली होती, हे समोर दिसत असताना आम्ही हसलो. ती वही नंतर कुठे गेली, मला माहीत नाही. विचारायचं धाडस झालं नाही.

फ्लॅट मोडला. सातपूर लग्न होऊन पुण्याला गेली, पेठला सुरगाण्याच्या बाजूला पोस्टिंग मिळालं, मी शाळेच्या गावी राहायला गेले, माझंही लग्न झालं. ताईच्या छापखान्यात कॉम्प्युटर आले. छापखान्याचे मालक म्हणाले, आता गिऱ्हाईक स्वतःच पडद्यावर बघून घेतं, वेगळं माणूस कशाला? ती नाशिक रोडला भावाकडे परत गेली. हे मला कुणीतरी सांगितलं. मी दर दिवाळीला तिला पत्र लिहायचं ठरवायची.

दादा गेले तेव्हा मी शाळेत मराठीची सीनियर शिक्षिका झाले होते. आई आधीच गेली होती. दादांच्या छातीत आयुष्यभर कांद्याची धूळ गेलेली, शेवटी दम पुरला नाही. त्यांचा एकच फोटो आहे, रेशनकार्डासाठी काढलेला. ताठ मान, मिटलेलं तोंड. दहाव्याला लोक त्यांच्या गोष्टी सांगत होते आणि मला जाणवलं की ते कसे बोलायचे ते मला आठवत नाही. काय बोलायचे ते आठवतं. पण आवाज लावायला गेलं की माझा आवाज लागतो, वर्गातला, स्वच्छ. माझ्या वर्गातली मुलं 'हाय' म्हणाली की मी "आहे" म्हणून सुधारते. इतकी वर्षं सुधारत आले आहे. माझ्या स्वतःच्या तोंडातूनही ते पार निघून गेलं आहे. आता ते आणायला गेले तर नाटकातल्या नोकरासारखं वाटतं.

मग मी नाशिक रोडला गेले. जगात एकाच माणसाने माझ्या वडलांचं तीन तास ऐकलं होतं आणि ते लिहून ठेवलं होतं.

वहिनींनी दार उघडलं. "त्या होय? गॅलरीत असतात. जा तुम्ही, त्या काही बाहेर येत नाहीत."

गॅलरीला काचा लावून खोली केली होती. ताई जमिनीवर बसून एका बाजूने छापलेल्या रद्दी कागदांच्या पिशव्या चिकटवत होती, मेडिकलच्या दुकानासाठी. केस पांढरे झाले होते. कानावर पेन्सिल नव्हती. घडी घालताना ती छापलेली बाजू आत घ्यायची आणि कोरी बाजू तेवढी बाहेर राहील असं बघायची.

"लासलगाव," ती म्हणाली. एवढंच. फलाट नाही, घोषणा नाही.

"ताई, हे असं उलटं का दुमडतेस?"

"गिऱ्हाइकाला चुका दिसू नयेत."

मी हसले. तिने माझ्याकडे बघितलं, आपण काही विनोदी बोललो का, असं. मी दादा गेल्याचं सांगितलं. तिचे हात थांबले. मग मी सरळ विचारलं, कारण वळसे घालून बोलायचं बळ नव्हतं. "ताई, ती अकरा पानं. तुला काही आठवतंय? थोडं तरी? ते कसे बोलायचे, तू तंतोतंत लिहिलं होतंस."

"काटलेलं मी लक्षात ठेवत नाही. लक्षातच ठेवायचं तर काटायचं कशाला?"

"एखादं वाक्य?"

तिने खळीची वाटी जवळ ओढली. "तुझ्याकडे दिली होती ना मी ती."

"हो."

"मग?"

मी बटाट्याच्या सालांचं सांगितलं. घंटागाडीचं सांगितलं. आतून वहिनींच्या मिक्सरचा आवाज येत होता.

"मला वाटलं, तू ठेवली असशील," ती म्हणाली. "कादंबरीत नको, पण पेटीत असतील. म्हणून तर हातात द्यायची मी, कचऱ्यात टाकायची असती तर मीच टाकली असती. तू ठेवली असशील म्हणून मी प्रत ठेवली नाही."

तिने पुढची पिशवी घेतली. आरोप म्हणून ती हे बोलली नव्हती. चूक कुठे झाली ते फक्त दाखवत होती, समासात खूण करावी तसं. मला वाटलं होतं काटलेलं म्हणजे संपलेलं. तिला वाटलं होतं काटलेलं म्हणजे ज्याचं त्याने जपायचं. एका स्वयंपाकघरात राहून आम्ही हे कधी बोललो नव्हतो.

घरी येऊन मी हे लिहायला बसले. मला विनोदी लिहिता येत नाही. जमेल तसं लिहिलं आणि पुन्हा नाशिक रोडला गेले, कारण नियम नियम आहे. जिच्याबद्दल लिहिलंय तिच्यासमोर वाचायचं. मी गॅलरीत तिच्याशेजारी बसून सगळं वाचलं. ती पिशव्या चिकटवत ऐकत होती. एकदाही हसली नाही. एसटीच्या घोषणेलाही नाही.

वाचून झाल्यावर मी थांबले. हा सगळा कागदाचा गठ्ठा ती काटायला सांगणार, असं मला वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर तिने सांगावं असंच वाटत होतं. म्हणजे एक देणं तरी फिटलं असतं.

"नाव तेवढं काट," ती म्हणाली.

"बरं. आणखी?"

"डेंगळ्याचं बरोबर आहे. तसंच म्हणाले होते. ते राहू दे."

"आणि?"

तिने खळीचं बोट फडक्याला पुसलं. कागद माझ्या हातातून घेतला, डोळ्यांजवळ धरला आणि त्या एका ओळीवर नख ठेवलं. चाळीतल्या कांद्याच्या ओळीवर.

"हे चुकलंय. तुझ्याबद्दल ते असं नव्हते म्हणाले."

"मग काय म्हणाले होते?"

ती आठवत राहिली. तिचे ओठ हलत होते, एखादं अक्षर लागतंय का बघितल्यासारखे. खाली रस्त्यावरून बस गेली, काचा थरथरल्या.

"चांगलं होतं काहीतरी," ती शेवटी म्हणाली. "हे नव्हतं, एवढं नक्की."

"ताई, आठव ना."

"मूळ प्रत असती तर लावून बघितलं असतं," ती म्हणाली आणि कागद मला परत दिला.

नाव काढलं आहे. डेंगळ्याचं राहू दिलं आहे. चाळीचं वाक्यही वर तसंच आहे. त्याच्या जागी काय घालायचं, ते सांगणारं आता कुणी नाही.